जुनाट चक्कर आणि घरी करायचे ऑनलाइन व्यायाम : अनुभव, माहिती, प्रश्न

रानफूल :

ज्यांची साखर, बीपी, एमआरआय सगळं नॉर्मल आहे आणि तरीही सकाळी उठल्यापासून जमीन हलल्यासारखी वाटते, त्यांच्यासाठी हा धागा काढते आहे. घरचे म्हणतात, टेन्शन घेतेस. डॉक्टर म्हणतात, गंभीर काही नाही. हे दोन्ही पुरेसं ऐकून झालं की माणूस तक्रार करायचं सोडतो आणि हळूहळू घराबाहेर पडायचंही सोडतो.

माझं निदान व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, म्हणजे आतल्या कानाच्या तोलाच्या नसेला आलेली सूज. व्हायरल तापानंतर झाली. सुरुवातीला मान हलवली तरी उलटी व्हायची. तो जोर ओसरला, पण पुढे कित्येक महिने तोल काही पूर्ववत होईना. लक्ष्मी रोडवर दुकानांच्या कडेकडेने चालायचे. तुळशीबागेत दोन्ही बाजूंनी लटकवलेल्या वस्तू, समोरून येणारी गर्दी आणि चमचमणारे दिवे एकत्र आले की तिथे उभं राहवायचं नाही. सुपरमार्केटच्या उंच रॅकांमधून जातानाही तेच. सगळ्यात वाईट म्हणजे स्कूटी सुटली. मागून गाडी येते का हे मान वळवून बघितलं की रस्ताच तिरका व्हायचा. पुण्यात स्कूटी सुटणं म्हणजे काय, हे इथल्या बायकांना वेगळं सांगायला नको. भाजी, बँक, आईची औषधं, प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट बघायची.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानाच्या तपासण्या करून निदान पक्कं केलं, गोळ्या कमी करत आणल्या आणि व्यायाम करायला सांगितले. रोज फिजिओकडे जाणं जमणारं नव्हतं. रिक्षात, स्पीडब्रेकरवर, सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. म्हणून ऑनलाइन काय मिळतं ते शोधलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात ल्यूसी यार्डली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॅलन्स रिट्रेनिंग' नावाचा कार्यक्रम तयार केला. आधी त्याची पुस्तिका होती, मग तो वेबवर आला, तोही मोफत. सहा आठवडे, रोज दोन वेळा, प्रत्येक वेळी साधारण दहा मिनिटं.

व्यायाम दिसायला अगदी साधे आहेत. खुर्चीत बसून डोकं डावीकडून उजवीकडे वळवायचं. मग वर-खाली. मग हेच दोन्ही डोळे मिटून. मग हात लांब करून बोट समोर धरायचं, नजर त्या बोटावरच ठेवायची आणि डोकं हलवत राहायचं. प्रत्येक प्रकारानंतर जरा थांबून आपल्याला किती गरगरलं त्याला शून्य ते पाच गुण द्यायचे. ज्यात काहीच होत नाही तो प्रकार सोडून द्यायचा. ज्यात थोडं गरगरतं, तोच आपल्या कामाचा. तो सोपा झाला की वेग वाढवायचा, मग तोच उभं राहून, मग पाय जवळ घेऊन, मग चालता चालता.

मला इथे एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. या व्यायामांनी थोडी चक्कर येतेच, आणि ती यायलाच हवी. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण इथेच घाबरून सोडून देतात. 'व्यायाम केला आणि जास्तच गरगरलं, म्हणजे हा मला मानवत नाही' असा अर्थ काढतात. जो व्यायाम अजिबात गरगरवत नाही, तो तुमच्या मेंदूला काही शिकवतही नाही.

आता मी तळजाईला एकटी फिरायला जाते, वळून बोलणाऱ्या मैत्रिणीकडे बघत चालू शकते. स्कूटी सोसायटीच्या आवारात आणि आतल्या शांत रस्त्यांवर चालवते. कर्वे रोड अजून नाही. तुमच्यापैकी कोणी असे व्यायाम केलेत का? काय अनुभव?


कर्वेनगरकर :

चांगला विषय. माझ्या आईला (वय ७२) दोन वर्षांपासून चक्कर येते. मानेच्या एक्स-रेत स्पॉन्डिलोसिस निघाला, कॉलर दिली, चक्करेच्या गोळ्या चालू आहेत. कॉलर लावली की बरं वाटतं म्हणते, काढली की परत तेच. तिने मान हलवायचे व्यायाम करावेत का? मानेला धक्का बसणार नाही ना?


अनघा_फिजिओ :

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तोलाचे रुग्ण नेहमी बघते. रानफूल यांनी मूळ मुद्दा अगदी बरोबर मांडलाय, त्यामागचं कारण सांगते.

आपण डोकं हलवतो तेव्हा समोरचं चित्र स्थिर राहतं, कारण आतल्या कानाकडून निघालेला संदेश डोळ्यांच्या स्नायूंना साधारण १० मिलिसेकंदांत उलट्या दिशेने फिरवतो. एका कानाची नस दुबळी झाली की दोन कानांचे संदेश जुळत नाहीत, डोळे मागे पडतात, आणि डोकं हलवलं की जग हलतं. नस कधी पूर्ण बरी होते, कधी होत नाही. पण मेंदू त्या चुकीचा हिशोब शिकू शकतो. नंबर बदललेला चष्मा घातल्यावर पहिले दोन दिवस पायरी वर-खाली वाटते आणि नंतर वाटत नाही, तेव्हा मेंदूने हेच काम केलेलं असतं. मात्र त्यासाठी चूक त्याच्यासमोर यावी लागते. डोकं स्थिर धरून बसलेल्या माणसाच्या मेंदूसमोर ती कधी येतच नाही.

ही कल्पना नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये कॉथॉर्न हे कानाचे सर्जन आणि कूक्सी हे डॉक्टर डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना बघत होते. जे लवकर हिंडू-फिरू लागतात ते लवकर बरे होतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी डोळे, मान, उठणं-बसणं, चेंडू टाकणं असे क्रमाने चढत जाणारे व्यायाम बसवले. आजचे ऑनलाइन कार्यक्रम त्याच पायावर उभे आहेत.

@कर्वेनगरकर, या वयात मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांना दिसते. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच, असं ठरत नाही. कॉलरने बरं वाटतं कारण डोकं हलत नाही; दीर्घकाळ तेच चालू राहिलं तर मेंदूला शिकायला वाव राहत नाही. पण आईंचे व्यायाम आत्ताच सुरू करू नका. आधी मला तीन गोष्टी सांगा. चक्कर अंथरुणात कूस बदलताना येते का? आली की किती वेळ टिकते? आणि गोळ्या नेमक्या कोणत्या?


कर्वेनगरकर :

कूस बदलताना येते, हो. विशेषतः डाव्या कुशीवर. वरच्या फळीवरचा डबा काढतानाही. अर्धा मिनिट खूप जोरात, मग दिवसभर जरा डळमळीत. गोळ्या : सकाळ-संध्याकाळ बीटाहिस्टिन आणि रात्री सिनारिझिन. दोन्ही दोन वर्षं चालू.


अनघा_फिजिओ :

मग कान-नाक-घसा तज्ज्ञांना आधी दाखवा आणि हे वर्णन जसंच्या तसं त्यांना सांगा. हे बीपीपीव्हीसारखं वाटतंय. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले की डोक्याची ठरावीक स्थिती आली की काही सेकंद जोरात गरगरतं. डॉक्टर रुग्णाला एका बाजूला मान वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांची हालचाल बघतात. तेवढ्यात बहुधा निदान होतं. उपचार म्हणजे ते कण परत जागेवर सरकवणं. जॉन एपली या अमेरिकी डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत आज जगभर वापरतात. पाच-दहा मिनिटांचं काम, अनेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो. तो न करता सहा आठवडे मान हलवत बसण्यात अर्थ नाही.

सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधं पहिल्या काही दिवसांच्या तीव्र चक्करेसाठी चांगली आहेत. वर्षानुवर्षं घेतली तर मेंदूची जुळवून घेण्याची प्रक्रिया मंदावते, आणि वयस्कर माणसांत हात थरथरणं, हालचाल ताठर होणं असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. पण गोळ्या तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी दिल्या त्यांना किंवा तज्ज्ञांना विचारूनच.


पेठेतला :

मला एक शंका आहे, आणि ती मनापासून आहे. हे सगळं कपालभाती, अनुलोम-विलोम, सूर्यनमस्कार यांनी होत नाही का? आमच्याकडे सारसबागेच्या सकाळच्या ग्रुपमध्ये दोघा-तिघांना चक्करेचा त्रास आहे आणि ते प्राणायामच करतात.


अनघा_फिजिओ :

अनुलोम-विलोम जरूर करावं. चक्करेबरोबर भीती येते, भीतीने श्वास वरवर आणि जलद होतो, त्याने डोकं आणखी हलकं होतं. शांत श्वासाने हे चक्र सैल पडतं. साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमातही श्वास आणि ताण यावर भाग आहे. कपालभाती मात्र चक्कर असेपर्यंत थांबवावी. जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि निरोगी माणसालाही हलकं हलकं वाटतं. सूर्यनमस्कारात डोकं एकदम खाली आणि वर जातं, तोल कच्चा असताना पडायची भीती. आणि प्राणायामात डोकं स्थिर असतं, त्यामुळे नजर आणि डोकं यांची जुळणी त्यातून होत नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत.


सॅनहोजे_व्हाया_कोथरूड :

मी कॅलिफोर्नियात, आई-बाबा कोथरूडला. बाबांचं निदान झालंय (एका कानाची नस दुबळी, बाकी ठीक), तज्ज्ञांनी व्यायाम लिहून दिलेत. अडचण अशी की कार्यक्रम इंग्रजीत आणि बाबांना स्क्रीनवर वाचत बसलं की चक्कर वाढते. शिवाय आई घाबरते, 'पडतील' म्हणते. खरंच ऑनलाइनने फरक पडतो, याला काही आधार आहे का? आणि दुरून मी काय करू शकतो?


रानफूल :

आधार भक्कम आहे, म्हणूनच मी एवढ्या आग्रहाने लिहिते आहे. साउदॅम्प्टनच्या वेब कार्यक्रमाची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पन्नाशीपुढचे २९६ रुग्ण होते, निम्म्यांना वेब कार्यक्रम, निम्म्यांना नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी व्यायामवाल्यांचा त्रास कमी होता. मग नेदरलँड्समध्ये ३२२ रुग्णांवर झाली, २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. तिथे तीन गट होते : नुसता ऑनलाइन कार्यक्रम, ऑनलाइन अधिक फिजिओच्या दोन घरभेटी, आणि नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते.

याहून मला धीर देऊन गेली ती त्याआधीची, २०१२ ची पुस्तिकेची चाचणी. बारा आठवड्यांनी चक्करेच्या गुणांत ठळक फरक दिसला नव्हता. वर्षाने दिसला. सहा आठवड्यांत काही झालं नाही म्हणून निराश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बाबांसाठी : त्यांनी स्क्रीन बघायचीच गरज नाही. तुम्ही व्यायाम मोठ्या अक्षरात मराठीत लिहून एक कागद आईंना पाठवा, छापून कपाटाच्या दारावर लावा. तुमच्या रात्री, त्यांच्या सकाळी व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर उभा करा आणि तुम्ही फक्त वेळ मोजा, गुण लिहून घ्या. माझी मुलगी माझे गुण वहीत लिहायची. आकडा चारावरून दोनावर आलेला कागदावर दिसतो तेव्हा जो विश्वास बसतो तो नुसत्या 'आज जरा बरं वाटतंय'ने बसत नाही.

पडायच्या भीतीसाठी : उभं राहून करायचे व्यायाम खोलीच्या कोपऱ्यात. पाठीशी दोन भिंती, समोर पाठ असलेली जड खुर्ची. प्लास्टिकची नको, सरकते. पायात मोजे नकोत. आई शेजारी उभ्या राहतील, पण धरून ठेवणार नाहीत. धरलं की तोल त्यांच्या हातावर जातो.


मृण्मयी_पी :

मी थोडा वेगळा अनुभव लिहिते. मी हे व्यायाम सुरू करून दहा-बारा दिवसांत सोडले. मला चक्कर आणि सोबत अर्धशिशी. जोरात मान हलवली की त्या दिवशी डोकं ठणकायचं, उजेड सहन व्हायचा नाही. नंतर न्यूरॉलॉजिस्टनी व्हेस्टिब्युलर मायग्रेन, म्हणजे अर्धशिशीतून येणारी चक्कर, असं सांगितलं. झोपेची वेळ, उपवास टाळणं आणि मायग्रेनचं रोजचं औषध यांनी झटके आटोक्यात आल्यावर तेच व्यायाम हळू वेगाने परत सुरू केले, तेव्हा सोसले. चतुर्थी, एकादशी धरून उपवास करणाऱ्या घरात हे पटवणं अवघड गेलं, पण उपाशी पोटी झटका ठरलेला होता. तेव्हा 'चक्कर यायलाच हवी' हे वाक्य सगळ्यांना सरसकट लावू नये, अशी विनंती.


अनघा_फिजिओ :

मृण्मयी, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी रुग्णांना असं सांगते : व्यायामाने आलेली चक्कर मध्यम असावी आणि थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उतरावी. दिवसभर रेंगाळत असेल तर वेग कमी करा, वेळा कमी करा, पण पूर्ण बंद करू नका. आणि मानेत तीव्र कळ, हातापायाला बधिरता, कानाला अचानक कमी ऐकू येणं, डोळ्यापुढे अंधारी येऊन शुद्ध हरपणं, यातलं काही झालं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जायचं. मेनिएर (आतल्या कानाचा आजार, ज्यात चक्करेचे झटके येतात) असलेल्या रुग्णांचे झटके चालू असतानाही हे व्यायाम उपयोगाचे नाहीत. दोन झटक्यांमध्ये तोल कच्चा राहत असेल तर उपयोग होतो.


डेक्कन_जिमखाना :

इथे एक गोष्ट कोणीतरी लिहायलाच हवी म्हणून लिहितो. हे सगळं जुन्या चक्करेसाठी आहे. आमच्या शेजारच्या काकांना रविवारी सकाळी अचानक चक्कर आली, उलटी झाली. घरात सगळ्यांना पित्त वाटलं. त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं की ते उभेच राहू शकत नाहीत, एका बाजूला कलंडतात, आणि बोलणं जड झालंय. लगेच गाडीत घालून नेलं. लहान मेंदूच्या रक्तपुरवठ्यात रक्ताची गुठळी अडकली होती. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते वेळेत पोचले. आज काका चालतात.

अचानक आलेली चक्कर आणि सोबत दुहेरी दिसणं, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, हात-पाय लुळा पडणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, कधी नव्हे इतकी डोकेदुखी, छातीत दुखणं, यातलं एक जरी असलं तरी लिंबू सरबत करत बसू नका. १०८ ला फोन करा.


स्वारगेट_लोकल :

मला गर्दीचा प्रश्न विचारायचाय. माझं मूळ दुखणं बरं झालं असं डॉक्टर म्हणतात. तरी सिव्हिल कोर्ट मेट्रोच्या त्या लांबलचक सरकत्या जिन्यांवर, मंडईच्या गर्दीत, मोबाइलवर स्क्रोल करताना डुलल्यासारखं होतं. उभं असताना जास्त, आडवं झालं की कमी. डॉक्टरांनी पीपीपीडी असं लिहिलंय. हा मानसिक आजार आहे का? घरात तसंच म्हणतात.


अनघा_फिजिओ :

नाही. तुमचं डुलणं खरं आहे. बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये याचे निकष ठरवले : तीन महिने किंवा जास्त काळ बहुतेक दिवस डळमळ, आणि उभं राहणं, हालचाल, नजरेसमोरची वर्दळ यांनी ती वाढणं. मूळ दुखण्याच्या काळात मेंदू तोलासाठी डोळ्यांवर जास्त विसंबायला लागतो, आणि दुखणं संपल्यावरही ती सवय सोडत नाही. म्हणून नजरेसमोर खूप काही हललं की जमीन हलते. चिंता त्यात भर घालते, पण 'मनाचे खेळ' म्हणून सोडून द्यायची गोष्ट ही नव्हे. व्यायाम, गर्दीची पायरी-पायरीने सवय, गरज पडल्यास समुपदेशन आणि औषध, असे उपचार आहेत.


रानफूल :

स्वारगेट_लोकल, माझ्यातही हा भाग होता. मी सवय अशी केली : आधी घरी मोबाइलवर मंडईचे व्हिडिओ, बसून, थोडाच वेळ. मग तुळशीबागेत सकाळी दुकानं उघडत असताना, गर्दी नसताना, एक टोक ते दुसरं टोक. मग दुपारी. शनिवार-रविवार सगळ्यात शेवटी. सरकत्या जिन्यावर खाली पायऱ्यांकडे बघू नका, समोरच्या न हलणाऱ्या पाटीकडे बघा. सोबत कोणी असलं तरी हात धरू नका, फक्त शेजारी असू द्या. आणि गरगरलं की लगेच पळून बाहेर येऊ नका. कडेला थांबा, उतरू द्या, मग पुढे चला.


मृण्मयी_पी :

+१. आणि गणपतीच्या दिवसांत लुकलुकणाऱ्या माळा आणि ढोल-ताशे एकदम अंगावर घेऊ नका. आपल्या गल्लीतल्या मंडळापासून सुरुवात.


पेठेतला :

सारसबागेच्या ग्रुपला हा धागा दाखवला. त्यातल्या एका आजींचं वर्णन हुबेहूब कूस बदलण्याचं निघालं. मुलगा उद्या घेऊन जातोय तज्ज्ञांकडे.

अवांतर : बऱ्याच ज्येष्ठांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा असतो. जिना उतरताना खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते आणि आधीच कच्चा असलेला तोल आणखी जातो. पर्वती उतरताना मला हे स्वतःला जाणवलं. त्यावर काय करावं?


अनघा_फिजिओ :

बाहेर चालायला आणि जिन्यासाठी नुसता लांबच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा ठेवावा. आणि कठडा धरावा, सगळ्याच वयात.


कर्वेनगरकर :

अपडेट देतो. आईला दाखवून आणलं. डाव्या कानाचा बीपीपीव्हीच निघाला. डॉक्टरांनी टेबलावर आडवं केलं, डोळे फिरताना आम्हाला दाखवले आणि तिथेच एपली केलं. आई घाबरली होती, पण ती जोराची गरगर त्या दिवसापासून थांबली आहे. डाव्या कुशीवर झोपते. कॉलर काढायला सांगितली, सिनारिझिन बंद केलं, बीटाहिस्टिन पुढच्या भेटीपर्यंत. चालताना मात्र अजून डळमळतं, त्यासाठी त्यांनी तोलाचे व्यायाम सुचवलेत. दोन वर्षं कमी हालचाल झाल्यामुळे पायही अशक्त झालेत. अनघाताई, हे ऑनलाइन व्यायाम आता सुरू करू का? बसून की उभं राहून?


अनघा_फिजिओ :

छान बातमी. एपलीनंतर काही दिवस-आठवडे अशी डळमळ अनेकांना राहते. डॉक्टरांनी सुचवलंय तर सुरू करा. पहिले दोन आठवडे फक्त बसून, मान हळू, सकाळच्या नाश्त्यानंतर आणि संध्याकाळी. सोबत पायांसाठी हात न टेकवता खुर्चीतून उठणं-बसणं, सुरुवातीला पाच वेळा. उभ्याचे व्यायाम सुरू करायच्या आधी एकदा जवळच्या फिजिओला घरी बोलावून आईंचा तोल तपासून घ्या. आणि कूस बदलताना परत जोरात गरगरलं तर व्यायाम वाढवू नका, पुन्हा डॉक्टरांकडे न्या. कण परत सुटू शकतात, आणि परत बसवताही येतात.


कर्वेनगरकर :

कागद तयार केला. मोठ्या अक्षरात, गुणांच्या रकान्यासकट. सोमवारपासून सुरू. ज्यांना हवा असेल त्यांनी इथे लिहा, प्रत पाठवतो.


सॅनहोजे_व्हाया_कोथरूड :

मला हवा आहे. आणि बाबांनी आज पहिल्यांदा बोटावर नजर ठेवून पूर्ण मिनिट मान हलवली. तीन गुण.